‘स्पेस क्वेस्ट’च्या जातीचा, टाइप करून खेळायचा गेम घरच्या घरी कसा बनवावा

१९८६ साली सिएरा ऑन-लाइन या अमेरिकन कंपनीचा ‘स्पेस क्वेस्ट’ आला, तेव्हा त्याचा नायक कुणी कॅप्टन वगैरे नव्हता. रॉजर विल्को हा ‘आर्केडा’ यानावरचा सफाई कामगार. कामाच्या वेळेत कपाटात झोपा काढत होता म्हणून हल्ल्यातून वाचला, एवढंच त्याचं कर्तृत्व. मार्क क्रो आणि स्कॉट मर्फी या जोडीने लिहिलेल्या या गेममध्ये नायकाला बाणांच्या बटणांनी चालवायचं आणि बाकी सगळं टाइप करायचं: दार उघड, कार्ड घे, प्रेताचे खिसे तपास. चित्रं सोळा रंगांची, ठोकळ्याठोकळ्यांची.

पुढे कंपनी माउसकडे गेली, पण काही चाहते गेले नाहीत. त्यांनी या गेमच्या मागचं इंजिन, म्हणजे अ‍ॅडव्हेंचर गेम इंटरप्रिटर (एजीआय), सुटं करून पाहिलं, फायलींची रचना उलगडली, अवजारं लिहिली आणि त्याच इंजिनावर आपापले भाग रचले. ‘स्पेस क्वेस्ट: द लॉस्ट चॅप्टर’ (२००१) आणि ‘स्पेस क्वेस्ट झिरो: रेप्लिकेटेड’ (२००३) हे त्यातले दोन नावाजलेले. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींत आज्ञा टाइपच कराव्या लागतात.

हे इंजिन आजही चालतं, अवजारंही मिळतात, आणि एकट्या माणसाला सुटीच्या दिवसांत तीन खोल्यांचा गेम पुरा करता येतो. या लेखात तेच करायचंय. नवखे लोक आधी चित्रं काढायला बसतात. माझं मत उलट आहे: शब्दसूची आधी, चित्रं नंतर. अशा गेममध्ये खेळणाऱ्याची खरी झुंज परग्रहवासीयाशी नसते, तुम्ही कोणता शब्द धरून ठेवलाय त्याच्याशी असते. ती झुंज होऊ न देणं हेच निम्म्याहून जास्त काम.

आधी खेळा, हातात वही घेऊन

स्कमव्हीएम हा जुने गेम चालवणारा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या. तो विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतो. चाहत्यांचा गेम झिपमधून एका फोल्डरमध्ये काढा, स्कमव्हीएममध्ये ‘अ‍ॅड गेम’ दाबून तो फोल्डर दाखवा, झालं. मूळ ‘स्पेस क्वेस्ट’ हवा असेल तर जीओजीसारख्या दुकानातून विकत घ्यावा.

बटणं लक्षात ठेवा: एफ५ सेव्ह, एफ७ जुना सेव्ह उघडणं, एफ९ पहिल्यापासून सुरुवात, एफ३ दाबलं की मागची आज्ञा पुन्हा उमटते, टॅब दाबलं की गड्याने घेतलेल्या वस्तू दिसतात. बाण एकदा दाबला की गडी चालतच राहतो. तोच बाण पुन्हा दाबून त्याला थांबवायचं, नाहीतर तो सरळ दरीत जातो.

आणखी एक गोष्ट खेळतानाच अंगवळणी पडू द्या: तुम्ही टाइप करत असताना गेम थांबत नाही. १९८९ च्या ‘स्पेस क्वेस्ट ३’मध्ये नवं इंजिन आलं, त्यात टाइप करायची चौकट उघडली की सगळं थबकतं. आपल्या जुन्या इंजिनात मात्र तुम्ही ‘प’ शोधत असता आणि राक्षस चालत येत असतो. गेम रचताना याचा विचार करावा लागेल.

वहीत फक्त एक नोंद करत जा: गेमने ‘समजलं नाही’ म्हटलेली तुमची प्रत्येक आज्ञा. ही यादी पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते.

अवजारं

विनएजीआय किंवा जुना एजीआय स्टुडिओ, दोन्ही विंडोजवरचे. चित्रं, हलत्या आकृत्या, आवाज, शब्द, तर्क, सगळ्यांचे संपादक एकाच ठिकाणी मिळतात. मी विनएजीआय सुचवेन. नवा गेम कोऱ्यापासून सुरू करू नका, सोबतचा तयार साचा घ्या. सेव्ह, मेनू, वस्तूंची यादी, मरण, ही रटाळ कामं त्यात करून ठेवलेली असतात.

इंजिनाची घडण थोडक्यात अशी. प्रत्येक खोलीला एक नंबर आणि त्याच नंबरचं ‘लॉजिक’, म्हणजे त्या खोलीची आज्ञावली. लॉजिक शून्य हे सगळ्यांचं मुकादम: ते दर फेरीला चालतं आणि चालू खोलीच्या लॉजिकला हाक मारतं. आठवणीत ठेवायला २५६ चलं (० ते २५५ आकडा मावेल अशी) आणि २५६ झेंडे (हो किंवा नाही). चालू खोलीचा नंबर शून्य नंबरच्या चलात असतो, आणि गडी पडद्याच्या कोणत्या कडेला टेकलाय ते दोन नंबरच्या चलात: १ वर, २ उजवीकडे, ३ खाली, ४ डावीकडे. खोली बदलायला एवढं पुरतं.

गोष्ट शेवटाकडून रचा

आपण उदाहरणादाखल हा गेम घेऊ. मालवाहू यान, रात्रपाळी, हवा गळतेय. नायिका पॅन्ट्रीत काम करणारी. तीन खोल्या: पॅन्ट्री, बोळ, बचाव-पॉडची खोली. शेवट काय? ती पॉडमध्ये बसून निघते. पॉड का निघत नाही? त्याचा फ्यूज जळलाय. चांगला फ्यूज कुठे? सगळ्या डेकवर अंधार असताना पॅन्ट्रीतल्या चहाच्या मशीनचा लाल दिवा तेवढा चालू आहे. म्हणजे त्या मशीनचा फ्यूज काढून पॉडला लावायचा.

हे कोडं बरं आहे, कारण उत्तर पहिल्याच खोलीत डोळ्यांसमोर असतं आणि प्रश्न तिसऱ्या खोलीत कळतो. खेळणाऱ्याला मागे यावं लागतं. मात्र मागे येण्याची वाट बंद करू नका. मूळ ‘स्पेस क्वेस्ट’मध्ये वाळवंटी गावात कुणीतरी तुमची गाडी विकत मागतो. पहिल्याच भावाला दिलीत तर सोबत जेटपॅक मिळत नाही, आणि बरंच पुढे गेल्यावर कळतं की त्याच्याशिवाय गेम पुरा होतच नाही. त्या काळी हे चालून गेलं. आज असं केलंत तर माणूस गेम कायमचा बंद करेल आणि त्याचं बरोबर असेल.

शब्दसूची

इथे सावकाश जाऊ. इंजिनाला देवनागरी येत नाही. अक्षरं आठ-बाय-आठ ठिपक्यांची, रोमन. त्यामुळे दोन पर्याय: इंग्रजी गेम, किंवा आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तशी रोमनमधली मराठी. मी दुसरा धरून चाललोय. खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्यात, गेममध्ये त्या रोमन लिपीत टाइप होतील असं समजा.

शब्दसूचीत प्रत्येक शब्दाला गटाचा नंबर असतो. एका गटातले सगळे शब्द इंजिनाला एकच. शून्य नंबरच्या गटातले शब्द ते वाचून सोडून देतं: ‘तो’, ‘ती’, ‘जरा’, ‘आता’, ‘प्लीज’ तिथे टाका. एक नंबरचा गट ‘कोणताही शब्द’ यासाठी राखीव, आणि ९९९९ म्हणजे ‘ओळीतलं उरलेलं काहीही’.

आता मराठीच्या अडचणी. पहिली, स्पेलिंग. ‘फ्यूज’ लोक इंग्रजी स्पेलिंगने लिहितील, शेवटी झेड लावून लिहितील, जे लावून लिहितील. ‘मशीन’ला इंग्रजी स्पेलिंग आहे आणि उच्चाराप्रमाणे एस-एच घालून केलेली दोन-तीन आहेत. ‘दार’मध्ये एक ‘ए’ की दोन? सगळी रूपं एका गटात घाला. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्या तासाचं आहे.

दुसरी अडचण प्रत्ययांची. ‘द’, ‘टू’ असे सुटे शब्द शून्य गटात टाकून इंग्रजी गेमचं भागतं. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात: दाराला, दारावर, मशीनमधला, पॉडमध्ये. इंजिन शब्द तोडून पाहत नाही. त्यामुळे ‘पॉड’च्या गटात पॉड, पॉडला, पॉडमध्ये, पॉडात, पॉडचा हे सगळं हवं. तीन खोल्यांच्या गेममध्ये नामं पंधरा-वीस असतात, तेव्हा हे जमण्यासारखं आहे.

तिसरी अडचण क्रियापदांची, आणि खरी गंमत तिथे आहे. ‘लाव’ बघा. फ्यूज लाव म्हणजे बसव. दिवा लाव म्हणजे सुरू कर. दार लाव म्हणजे बंद कर. म्हणून ‘लाव’ला ‘बसव’च्या किंवा ‘बंद कर’च्या गटात कोंबू नका, त्याचा स्वतंत्र गट ठेवा आणि पुढच्या नामावरून निकाल लावा. ‘टाक’ही तसंच: पॉडसमोर उभं राहून कुणी ‘फ्यूज टाक’ म्हणालं तर त्याला बसवायचाय की फेकायचाय? अशा वेळी गेमने विचारावं: ‘कुठे टाकू?’ ‘घे’, ‘उचल’, ‘काढ’ मात्र आपल्या गेमपुरते एका गटात चालतील. आणि ‘बघ’ घालताना शेवटचा एच गाळलेलं रूपही घालणार असाल, तर ते इंग्रजी ‘बॅग’च होतं हे विसरू नका. गेममध्ये पिशवी असेल तर ती ‘थैली’ करा आणि मोकळे व्हा.

सूची पुरी झाली की एक तपासणी करा. गेममधली सगळी वर्णनं कागदावर छापा आणि प्रत्येक नामाखाली रेघ मारा. ‘भिंतीवर पाइप, कोपऱ्यात बादली’ असं लिहिलंत, तर पाइप, बादली, भिंत आणि कोपरा चारही शब्द सूचीत हवेत. तुम्हीच दाखवलेली बादली ‘बादली बघ’ म्हटल्यावर गेमला ओळखता आली नाही, की खेळणाऱ्याचा विश्वास उडालाच.

आज्ञा ओळखणं

लॉजिकमध्ये एक तपासणी असते, ‘सेड’. तिला शब्द द्यायचे आणि ओळ त्या क्रमाने जुळली का ते ती सांगते. क्रम महत्त्वाचा. इंग्रजीत क्रियापद आधी, आपल्याकडे नाम आधी: ‘दार उघड’. पण जुने गेम खेळलेला माणूस सवयीने ‘उघड दार’ही टाइप करेल. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेसाठी दोन ‘सेड’ लिहा, मध्ये ‘किंवा’. तीन शब्दी आज्ञांना आणखी लागतील: ‘पॉडमध्ये फ्यूज लाव’, ‘फ्यूज पॉडमध्ये लाव’, आणि नुसतं ‘फ्यूज लाव’.

एकदा ‘सेड’ जुळली की इंजिन चार नंबरचा झेंडा वर करतं आणि त्या ओळीपुरत्या पुढच्या सगळ्या ‘सेड’ नापास होतात. याचा फायदा घ्या. नेमक्या आज्ञा आधी, सैल आज्ञा शेवटी. पॅन्ट्रीच्या लॉजिकमध्ये क्रम साधारण असा ठेवा:

१. ‘मशीन उघड’: झाकण उघडलं नसेल तर उघडा, झेंडा वर करा, आतला फ्यूज दिसतो असं सांगा.
२. ‘फ्यूज काढ’: झाकण बंद असेल तर ‘कुठला फ्यूज?’ म्हणा. उघडं असेल आणि गडी मशीनजवळ असेल तर वस्तू द्या, गुण वाढवा, लाल दिवा विझवा.
३. ‘मशीन बघ’, ‘दिवा बघ’, ‘चहा घे’, ‘चहा पी’. चहा मागितला तर काहीतरी खुसखुशीत उत्तर द्याच, कारण प्रत्येक जण मागणार.
४. नुसतं ‘बघ’: खोलीचं वर्णन.

आणि सगळ्यात शेवटी, मुकादम लॉजिकमध्ये, ‘कोणताही शब्द’ वापरून ‘अमुक बघ’साठी एक सर्वसाधारण उत्तर: ‘त्यात विशेष काही दिसत नाही.’

गडी जवळ आहे का हे जागेच्या चौकटीवरून तपासता येतं. चौकट ऐसपैस ठेवा. मशीनपासून दोन ठिपके लांब उभं राहिलं म्हणून ‘जवळ जा’ ऐकावं लागणं हा कोडं सोडवण्याचा भाग नव्हे.

न कळण्याचे दोन प्रकार वेगळे दाखवा. शब्दच सूचीत नसेल तर त्याचा क्रमांक इंजिन नऊ नंबरच्या चलात ठेवतं. तो शब्द तसाच परत छापून म्हणा, ‘हा शब्द मला ठाऊक नाही.’ शब्द ओळखीचे पण जुळणी नाही, तर ‘ते इथे जमणार नाही.’ पहिल्यात खेळणारा शब्द बदलतो, दुसऱ्यात विचार बदलतो. दोन्हींना एकच उत्तर दिलंत तर तो काहीच बदलत नाही, चिडतो.

चित्रं

चित्राची जागा १६० बाय १६८. प्रत्येक ठिपका आडवा दुप्पट, म्हणून सगळं बसकट दिसतं. चित्र ठिपक्यांचं साठवलं जात नाही, आज्ञांचं साठवलं जातं: इथून तिथवर रेघ, इथे रंग ओत. आणि रंग फक्त पांढऱ्या जागेवर ओतला जातो. अंतराळाच्या चित्रात इथेच फसगत होते: आधी सगळं आकाश काळं केलंत की त्यावर ग्रहाची बाह्यरेषा काढता येईल, पण आत रंग भरता येणार नाही. म्हणून आधी ग्रह, खिडक्या, यान यांच्या बाह्यरेषा काढा, त्या भरा, आणि काळोख शेवटी ओता. तारे म्हणजे त्यावर एकेक ठिपका. रेषेत एका ठिपक्याची फट राहिली तरी रंग तिथून गळून पडदाभर पसरतो, तेव्हा आधी फट शोधा.

याच चित्राच्या मागे दुसरा, न दिसणारा पडदा असतो, प्राधान्याचा. कोण कुणाच्या पुढे, हे तो ठरवतो. वरून ४८ ओळींपर्यंत प्राधान्य ४, मग दर बारा ओळींना एक वाढत १४ पर्यंत. पॅन्ट्रीतल्या मेजाचे पाय १२० व्या ओळीवर टेकत असतील, तर त्या ओळीचं प्राधान्य ११. मागच्या पडद्यावर मेजाचा आकार ११ नंबरच्या रंगाने, फिकट निळसर हिरव्याने, भरा. नायिकेचे पाय १२० च्या वर असले की ती मेजामागे झाकली जाईल, खाली आली की पुढे दिसेल. मेजाच्या पायथ्याशी काळी रेघ ओढा, म्हणजे ती आरपार चालणार नाही. याच पडद्यावर हिरवी रेघ म्हणजे सूचना: तिच्यावर पाय पडला की लॉजिकला कळतं. बोळातल्या फुटलेल्या काचांसाठी तीच वापरा.

हलत्या आकृतीबद्दल थोडंच. चालण्याचे चार संच लागतात: उजवीकडे, डावीकडे, समोर, पाठमोरं. डावा हा उजव्याचा आरसा ठेवता येतो. उंची तीसेक ठिपके पुरे. साच्यातली आकृती घेऊन तिचे कपडे बदलले तरी पहिल्या गेमला चालतं. आवाजाच्या नादी पहिल्या खेपेला लागू नये, असं माझं मत.

घड्याळ आणि मरण

हवा गळतेय म्हणजे वेळेची मर्यादा आली. सेकंद ११ नंबरच्या चलात, मिनिटं १२ मध्ये मिळतात. घड्याळ पहिल्या खोलीत सुरू करू नका, बोळात पाऊल टाकल्यावर करा, आणि मुदत एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसावर बेता. मधे दोनदा इशारा द्या.

मरण या जातीच्या गेममध्ये हवंच, पण ते मजेशीर असावं आणि अंदाज येण्याजोगं असावं. काचांवर अनवाणी चालली तर मरण ठीक, पण ‘बघ’ म्हटल्यावर काचा आहेत आणि पायात चपला नाहीत हे कळलेलं हवं. मरणाचा निरोप दोन ओळींत संपवा. चाळीस अक्षरांची ओळ असते, लांबण तिथे वाचवत नाही.

दुसऱ्याच्या हातात द्या

मित्राला खेळायला बसवा, मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. तो जे टाइप करेल ते शब्दश: उतरवा. ‘मशीनला लाथ मार’, ‘कुणी आहे का’, ‘आईला फोन कर’, यातलं काहीच तुम्ही कल्पिलेलं नसतं. संध्याकाळी ती यादी घेऊन बसा. अर्थपूर्ण आज्ञांना उत्तरं, विनोदींना विनोदी उत्तरं, आणि उरलेले शब्द निदान सूचीत. मग दुसरा माणूस, शक्यतो सिएराचे गेम कधीच न खेळलेला. दोघे जिथे अडकले ती जागा एकच असेल तर दोष कोड्याच्या वर्णनात आहे, तिथे शब्द वाढवून भागणार नाही. लॉजिक बदलल्यावर जुने सेव्ह वापरून तपासू नका, नव्याने सुरुवात करा.

बाहेर काढताना

झिपमध्ये चार डिरेक्टरी फाइली, ‘व्हॉल’ने सुरू होणाऱ्या फाइली, शब्दांची आणि वस्तूंची फाइल जायला हवी. तुमचं कच्चं लिखाण वेगळं ठेवा. ती झिप दुसऱ्या संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर स्कमव्हीएममध्ये उघडून पाहा. फोनवरचा कीबोर्ड शब्द आपोआप दुरुस्त करू लागला तर रोमन मराठीची वाट लागते, तेव्हा ती सोय बंद ठेवण्याची सूचना सोबतच्या माहितीत लिहा.

रॉजर विल्को, ‘स्पेस क्वेस्ट’ हे नाव आणि मूळ चित्रं दुसऱ्याच्या मालकीची आहेत. सिएराचे हक्क अ‍ॅक्टिव्हिजनकडे होते आणि २०२३ मध्ये ती कंपनी मायक्रोसॉफ्टने घेतली. चाहत्यांचे गेम फुकट असले की सहसा कुणी आडवं येत नाही, पण ‘सहसा’च: सिएराच्याच ‘किंग्ज क्वेस्ट’वरच्या ‘द सिल्व्हर लायनिंग’ या चाहत्यांच्या गेमला हक्कदारांनी २००५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये थांबवलं होतं, मग परवानगी दिली. पैसे घ्यायचा विचार असेल तर पात्रं, नावं, आकृत्या सगळं स्वतःचं हवं, आणि साच्यातल्या आकृतीचे नुसते कपडे बदललेलेही चालणार नाहीत. पॅन्ट्रीतली आपली बाई त्या बाबतीत निर्धास्त आहे.

सोबतच्या माहितीत बटणांची यादी, ‘आज्ञा रोमन लिपीत, आपण बोलतो तशा’ ही एक ओळ, आणि पानाच्या तळाशी, बरीच जागा सोडून, पूर्ण उत्तर.